स्वतःचा सर्व्हर आणि ब्राउझरचा अविश्वास

महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची 'कोहा'वरची पुस्तकसूची, पतसंस्थेचा अंतर्गत हिशेब, दवाखान्यातली रुग्णांची नोंद, घरातल्या छोट्या संगणकावर ठेवलेला फोटोंचा संग्रह. स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या अशा कितीतरी गोष्टींचा पत्ता उघडला की आधी धोक्याचा इशारा समोर येतो. क्रोममध्ये लाल त्रिकोण आणि 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट', फायरफॉक्समध्ये 'पोटेन्शियल सिक्युरिटी रिस्क अहेड'. कार्यालयातला कोणीतरी जाणकार सांगतो, "ॲडव्हान्स्डवर क्लिक करा आणि पुढे जा, काही होत नाही." बहुतेक वेळा खरोखरच काही होत नाही. पण ज्या दिवशी कोणी खरोखर मध्ये बसून पासवर्ड चोरत असेल, त्या दिवशीचा इशाराही हुबेहूब असाच दिसणार आहे, आणि तोवर आपल्या माणसांना तो न वाचता ओलांडायची सवय लागलेली असणार आहे. सर्व्हर चालवणाऱ्याने ही सवय लावू नये, आणि आज ती लावण्याचे कारणही उरलेले नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी इशाऱ्याचा अर्थ नीट समजून घेऊ. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर कुलूपबंद करणे आणि समोरचा सर्व्हर नेमका कोणाचा आहे याची खात्री करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. टीएलएस, म्हणजे ज्याला आपण अजूनही जुन्या नावाने एसएसएल म्हणतो, ते दोन्ही करते. स्वतःच सही केलेले, ज्याला सेल्फ-साइन्ड म्हणतात ते प्रमाणपत्र पहिले काम उत्तम करते. त्यातले गणित विकतच्या प्रमाणपत्राइतकेच पक्के असते. अडचण दुसऱ्या कामाची. झेरॉक्सवर आपणच 'खरी प्रत' लिहून सही करावी, तसे ते असते. सर्व्हरच्या मालकाला ते खरे आहे हे ठाऊक असते, पण दूरवरच्या ब्राउझरला ते कळायला काही मार्ग नसतो. हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर मध्ये बसलेला माणूसही त्याच नावाचे प्रमाणपत्र दोन मिनिटांत तयार करू शकतो. मग मजकूर कुलूपबंदच जाईल, फक्त किल्ली त्या माणसाकडे असेल. ब्राउझर साइट वाईट आहे असे म्हणत नाही. या नावामागे कोण आहे हे मला पडताळता आले नाही, एवढेच तो सांगतो.

ही पडताळणी ज्या व्यवस्थेवर उभी आहे ती नेटस्केप कंपनीच्या काळातली. एसएसएलची दुसरी आवृत्ती १९९५ साली नेटस्केपच्या ब्राउझरमधून लोकांपर्यंत पोचली, तिसरी १९९६ साली. १९९९ मध्ये टीएलएस हे नाव आले. सध्याची टीएलएस १.३ ही आवृत्ती २०१८ची. मधल्या काळात गणित कितीतरी सुधारले, पण विश्वासाची रचना तीच राहिली. काही ठरावीक संस्थांची मूळ प्रमाणपत्रे ब्राउझरमध्ये किंवा संगणकात आधीच भरलेली असतात. त्यांनी, किंवा त्यांच्या हाताखालच्या मधल्या प्रमाणपत्राने, ज्यावर सही केली त्यावर ब्राउझर विश्वास ठेवतो. कोणाला या यादीत घ्यायचे ते मुख्यतः चार जण ठरवतात: मायक्रोसॉफ्ट, ॲपल, मोझिला आणि गूगल. क्रोमने तर २०२२ पासून स्वतःची वेगळी यादी वापरायला सुरुवात केली. या यादीतली कोणतीही संस्था जगातल्या कोणत्याही नावाला प्रमाणपत्र देऊ शकते, ही या रचनेतली मोठी दुबळी जागा आहे.

ती किती दुबळी आहे हे २०११ मध्ये कळले. नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या संस्थेत घुसखोरी झाली आणि पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे निघाली. त्यातले एक गूगलच्या सगळ्या नावांना चालणारे होते आणि ते इराणमधल्या लोकांचे जीमेल वाचण्यासाठी वापरले गेले. चौकशी करणाऱ्या फॉक्स-आयटी या कंपनीला सुमारे तीन लाख आयपी पत्ते त्यात सापडलेले दिसले, जवळजवळ सगळे इराणमधले. इतर ब्राउझरांना हे प्रमाणपत्र पूर्णपणे वैध वाटत होते. क्रोममध्ये मात्र गूगलच्या साइटसाठी कोणाची सही चालेल हे आधीच पक्के करून ठेवले होते, म्हणून तिथे इशारा आला. एका इराणी वापरकर्त्याने तो ओलांडला नाही. हे काय आहे, असे त्याने गूगलला विचारले आणि तिथून सारे उघड झाले. महिन्याभरात डिजिनोटार दिवाळखोरीत गेली. इशाऱ्याकडे लक्ष देऊन काय होते, असे कोणी विचारले तर हे उदाहरण द्यावे.

तीन वर्षांनी हा प्रश्न आपल्या दारात आला. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या नावांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे फिरत असल्याचे गूगलच्या लक्षात आले, आणि ती आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून, म्हणजे एनआयसीकडून निघालेली होती. एनआयसीला अधिकार होता तो माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नेमलेल्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाचा, म्हणजे सीसीएचा. सीसीएचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्याने विंडोजवरचे बहुतेक प्रोग्राम त्यावर विश्वास ठेवत. मोझिलाच्या यादीत ते नव्हते, म्हणून फायरफॉक्स वाचला. एनआयसीची प्रमाणपत्र देण्याची यंत्रणा भेदली गेली होती आणि चार प्रमाणपत्रे चुकीची निघाली, असे सीसीएने कळवले. त्या चारांत नसलेलीही आपल्याला दिसली आहेत, असे गूगलने म्हटले. एनआयसीची मधली प्रमाणपत्रे रद्द झाली आणि क्रोमने सीसीएच्या सहीला 'जीओव्ही डॉट इन', 'एनआयसी डॉट इन', 'एसी डॉट इन' अशा मोजक्या नावांपुरते बांधून टाकले.

या घटनेची आठवण आजही ठेवायला हवी, कारण ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने भारतीय ब्राउझर तयार करण्याची स्पर्धा जाहीर केली तेव्हा सीसीएचे मूळ प्रमाणपत्र त्यात अंगभूत असावे ही मुख्य अट होती. मार्च २०२५ मध्ये झोहोला पहिले बक्षीस मिळाले. आपल्या देशातल्या साइटवर कोणी विश्वास ठेवावा हे परदेशातल्या चार कंपन्यांनी ठरवणे योग्य नाही, ही भूमिका मला समजते. पण त्या यादीत राहण्यासाठी संस्थांना दरवर्षी बाहेरची तपासणी आणि चुकांचे जाहीर स्पष्टीकरण द्यावे लागते, आणि चुकले तर सिमँटेकसारखी अजस्र कंपनीही २०१८ मध्ये क्रोमच्या यादीतून बाहेर जाते. स्वदेशी यादीने ही शिस्त जशीच्या तशी पाळली तरच तिच्यावर विसंबता येईल. कझाकस्तान सरकारने २०१९ मध्ये नागरिकांना सरकारी मूळ प्रमाणपत्र बसवायला लावले तेव्हा क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांनी ते रोखले होते. सरकारच्या हाती अशी किल्ली गेली की काय होऊ शकते, ते तिथे दिसले.

डिजिनोटारनंतरची खरी सुधारणा म्हणजे सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी. दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत चढलेच पाहिजे, नाहीतर ब्राउझर ते मानणार नाही. क्रोमने एप्रिल २०१८ पासून हे सक्तीचे केले. आपल्या नावाला कोणी परस्पर प्रमाणपत्र काढले का हे आता कोणालाही पाहता येते. छोट्या सर्व्हरवाल्यांनी याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. 'पगारपत्रक', 'चाचणी', 'कॅमेरा' अशी उपनावे घेऊन प्रत्येकाला वेगळे प्रमाणपत्र काढले की ती नावे सगळ्या जगाला वाचता येतात. नको असेल तर सर्व उपनावांना चालणारे एकच वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घ्यावे.

आता पैशाचा भाग. २०१५ पर्यंत प्रमाणपत्र म्हणजे दरवर्षीचा खर्च आणि दरवर्षीची धावपळ होती. ऑस्ट्रेलियात सुरू झालेली सीएसर्ट ही स्वयंसेवकांची संस्था फुकट प्रमाणपत्रे देत असे, पण मोठ्या ब्राउझरांच्या यादीत ती कधीच पोचली नाही. स्टार्टकॉमची फुकट प्रमाणपत्रे यादीत होती, पण त्या कंपनीवरचा विश्वास ब्राउझरांनी २०१६ पासून काढून घेतला. म्हणून छोट्या संस्था स्वतःच सही करून मोकळ्या होत, आणि त्यांना दोष देता येत नव्हता.

हे बदलले ते लेट्स एन्क्रिप्टने. मोझिलातले जॉश आस आणि एरिक रेस्कोर्ला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनमधले पीटर एकर्स्ली आणि मिशिगन विद्यापीठातले ॲलेक्स हाल्डरमन यांच्या प्रयत्नांतून हा ना-नफा उपक्रम उभा राहिला. नोव्हेंबर २०१४ मध्ये घोषणा झाली, सप्टेंबर २०१५ मध्ये पहिले प्रमाणपत्र निघाले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. एकर्स्ली २०२२ मध्ये अकाली गेले. आज गावातल्या शाळेच्या साइटलाही मोठ्या बँकेच्या साइटइतकेच भक्कम कुलूप फुकट मिळते यात त्यांचा मोठा वाटा आहे, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

लेट्स एन्क्रिप्टने प्रमाणपत्र फुकट केलेच, शिवाय माणसाचा हातही मधून काढला. सर्व्हरवरचा प्रोग्राम, बहुधा सर्टबॉट, प्रमाणपत्र मागतो. समोरून एक सांकेतिक मजकूर मिळतो. तो पोर्ट ८० वरून ठरलेल्या पत्त्यावर ठेवून दाखवला, किंवा डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद म्हणून टाकला, की नावावर ताबा सिद्ध होतो. कॅडीसारखा वेबसर्व्हर तर हे न सांगताच करतो. आपल्याकडे घरून सर्व्हर चालवणाऱ्यांची अडचण इथे येते. बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, त्यामुळे बाहेरून पोर्ट ८० पर्यंत कोणी पोचतच नाही. अशांनी डीएनएसचा मार्ग घ्यावा. त्यात सर्व्हर बाहेरून दिसण्याची गरजच नसते. तेच नाव घरातल्या १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्याकडे वळवले तरी प्रमाणपत्र चालते, आणि घरातल्या कोणत्याही फोनवर इशारा येत नाही. हा उपाय मी सगळ्यांना सुचवतो आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. खर्च फक्त स्वतःच्या नावाचा, म्हणजे डोमेनचा.

नुसत्या १९२.१६८ च्या पत्त्याला किंवा 'सर्व्हर डॉट लोकल'सारख्या नावाला मात्र कोणतीही जागतिक संस्था प्रमाणपत्र देत नाही. असे पत्ते घरोघरी तेच असतात, तेव्हा त्यांची मालकी सिद्ध कशी करणार? म्हणूनच राउटर आणि कॅमेऱ्याचे डीव्हीआर उघडताना इशारा येतो. जिथे डोमेन घेणे शक्यच नाही तिथे स्वतःची प्रमाणन संस्था उभारून तिचे मूळ प्रमाणपत्र प्रत्येक यंत्रात बसवता येते. विकासकांना स्वतःच्या संगणकापुरते एमकेसर्ट हे साधन पुरते. संस्थेसाठी हा मार्ग मी सहसा सुचवत नाही. अँड्रॉइड ७ पासून ॲप असे बसवलेले प्रमाणपत्र आपणहून मानत नाहीत, आयफोनमध्ये ते वेगळे सेटिंग उघडून चालू करावे लागते. आणि त्या मूळ किल्लीची प्रत कोणाच्या हाती लागली तर तो तुमच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना बँकेची खोटी साइट खरी म्हणून दाखवू शकतो. लिनोव्होच्या लॅपटॉपमध्ये आधीच भरलेल्या सुपरफिश या प्रोग्रामने नेमका हाच धोका निर्माण केला होता. सगळ्या लॅपटॉपमध्ये किल्ली एकच होती आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ती उघड झाली.

प्रमाणपत्र मिळाले की काम संपले असे नाही. सर्व्हरवाल्याकडून होणाऱ्या चुका फार नाहीत आणि त्यांची नावे इशाऱ्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेली असतात. 'डेट इनव्हॅलिड' दिसले तर मुदत संपली आहे, किंवा बघणाऱ्याच्या संगणकाचे घड्याळ चुकले आहे. मदरबोर्डची बॅटरी गेलेल्या जुन्या संगणकावर हे हमखास होते. 'कॉमन नेम इनव्हॅलिड' असेल तर नाव जुळत नाही, बहुधा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असलेले किंवा नसलेले रूप प्रमाणपत्रात घालायचे राहिले आहे. आपण हाताने केलेले प्रमाणपत्र असेल तर आणखी एक कारण असते: क्रोम २०१७ पासून जुन्या 'कॉमन नेम'च्या रकान्याकडे पाहतच नाही, नाव 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम'मध्येच हवे. 'ऑथॉरिटी इनव्हॅलिड' म्हणजे सही करणारा अनोळखी.

सर्वांत फसवी चूक मधल्या प्रमाणपत्राची. सर्व्हरने स्वतःच्या प्रमाणपत्रासोबत ते मधले प्रमाणपत्रही पाठवायचे असते. पाठवले नाही तरी संगणकावरचा ब्राउझर ते अनेकदा स्वतः मिळवून घेतो आणि सगळे ठीक दिसते. मग तक्रारी येतात त्या फोनवरच्या ॲपकडून, कर्लकडून, दुसऱ्या सर्व्हरकडून. "माझ्याकडे तर उघडते" या उत्तरावर दोन-दोन आठवडे गेलेले मी पाहिले आहेत. सर्टबॉटच्या फोल्डरमधली 'सर्ट' नावाची फाइल न देता 'फुलचेन' नावाची दिली की हा प्रश्न मिटतो. दुसरी चूक नूतनीकरणाची: फाइल नवी झालेली असते, पण एनजिनएक्ससारख्या वेबसर्व्हरला रिलोड केलेले नसते, त्यामुळे चालू सर्व्हर जुनेच प्रमाणपत्र दाखवत राहतो. मुदत चुकणे ही काही लहानांचीच गोष्ट नाही. डिसेंबर २०१८ मध्ये एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ब्रिटनमधल्या ओटूच्या कोट्यवधी ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट दिवसभर बंद पडले. फेब्रुवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचे टीम्स याच कारणाने काही तास बसले.

लोक इशाऱ्याचे करतात काय, यावर चांगले संशोधन झाले आहे. देवदत्त अखावे आणि एड्रियन पोर्टर फेल्ट यांनी २०१३ मध्ये अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांचा अभ्यास केला. क्रोममध्ये प्रमाणपत्राचे जवळपास ७० टक्के इशारे लोक ओलांडत होते, फायरफॉक्समध्ये ३३ टक्के. माणसे बेफिकीर असती तर दोन्हीकडे आकडा सारखाच आला असता. फरक बराचसा पडद्याच्या मांडणीचा होता, आणि पुढे क्रोमने मांडणी बदलल्यावर ओलांडणारे बरेच कमी झाले. गूगलच्याच २०१७ मधल्या अभ्यासात असे दिसले की निम्म्याहून अधिक इशारे सर्व्हरच्या चुकीने येतच नाहीत. बघणाऱ्याच्या संगणकाचे घड्याळ, मधले वायफायचे लॉगिन पान, अँटिव्हायरस अशी कारणे त्यामागे असतात.

आपल्याकडे ही सवय लावायला सरकारी कामकाजही हातभार लावते. जीएसटीचे किंवा आयकराचे काम डिजिटल सहीने करणाऱ्या करसल्लागाराला विचारा. सहीचे टोकन आणि ब्राउझर यांना जोडणारा प्रोग्राम त्याच संगणकावर १२७.०.०.१ या पत्त्यावर चालतो, आणि तो अडला की उपाय सांगितला जातो तो हाच: तो पत्ता उघडा, इशारा येईल, पुढे जा. तांत्रिकदृष्ट्या यात धोका थोडा, कारण मजकूर संगणकाबाहेर जात नाही. पण सहीसारख्या कायदेशीर गोष्टीच्या तोंडावरच लोकांना इशारा डावलायला शिकवणे मला अत्यंत चुकीचे वाटते.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच घातक आहे. इशारा नाही म्हणजे साइट प्रामाणिक, असे नाही. प्रमाणपत्र फक्त नावाचा ताबा सिद्ध करते. बँकेच्या नावात एक अक्षर बदलून घेतलेल्या फसव्या साइटलाही ते फुकट मिळते. कुलपाच्या चिन्हाचा खरा अर्थ गूगलच्या पाहणीत फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्ह पत्त्याच्या पट्टीतून काढून टाकले. ते योग्यच झाले.

पुढचा बदल मुदतीचा आहे. रद्द केलेले प्रमाणपत्र ओळखण्याची व्यवस्था कधीच नीट चालली नाही, म्हणून आयुष्यच कमी करण्याचा मार्ग निवडला गेला. २०२० मध्ये कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझर आणि प्रमाणन संस्थांच्या संयुक्त मंचाने वेळापत्रक ठरवले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्येच बंद केले. कॅलेंडरवर खूण करून वर्षातून एकदा हाताने प्रमाणपत्र बदलायची पद्धत यापुढे टिकणार नाही.

म्हणून शाळा, ग्रंथालय, पतसंस्था, दवाखाना किंवा घर, कुठेही सर्व्हर सांभाळत असाल तर या महिन्यात चार कामे करा. स्वतःच्या डोमेनवर खरे प्रमाणपत्र घ्या. नूतनीकरण आणि त्यानंतरचे रिलोड यंत्राकडे सोपवा. मुदतीवर बाहेरून लक्ष ठेवणारी एखादी तपासणी लावा. आणि माहितीपुस्तिकेत, नोटीस बोर्डावर किंवा कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'इशारा आला तरी पुढे जा' असे कुठे लिहिले असेल तर ते काढून टाका. त्याजागी लिहा: इशारा दिसला तर पासवर्ड टाकू नका, आधी आम्हाला फोन करा.